तिथी पाहून प्रॅक्टिकल

वेडा राघू हा चिमणीएवढा हिरवा पक्षी. नदीकाठच्या दरडीत, नाहीतर इमारतीच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्याच्या भिंतीत तो बोगदा कोरतो आणि त्यात अंडी घालतो. चोचीत मधमाशी धरून घराशी आलेला राघू जवळ माणूस उभा दिसला की आत शिरत नाही. तारेवर बसून राहतो, शेपटी हलवतो, वाट पाहतो. इथवर कोणत्याही पक्षीनिरीक्षकाने पाहिलेले असते. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे मिलिंद वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला. राघू बिचकतो तो माणसाला, की माणसाच्या नजरेला?

तपासणीची युक्ती अगदी साधी होती. माणूस कधी घरट्याचे तोंड दिसेल अशा जागी उभा करायचा, तर कधी मध्ये आडोसा येऊन ते दिसणार नाही अशा जागी. दोन्ही वेळा पक्ष्याला माणूस दिसतोच. माणसाला घरटे दिसते की नाही, एवढाच फरक. माणसाला घरटे दिसत नसताना राघू अधिक सहजपणे घरट्यात शिरले. म्हणजे समोरच्याला काय दिसते आहे, याचा काही एक हिशेब या पक्ष्याला जमतो. ही क्षमता त्या काळी प्रामुख्याने माकडे आणि वानरांच्या संदर्भात चर्चिली जात होती. पहिला लेख १९९९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला, दुसरा २००२ मध्ये ‘अ‍ॅनिमल कॉग्निशन’मध्ये, आणि त्या दुसऱ्या लेखावर वाटव्यांसह आठ जणांची नावे आहेत. अभयारण्य नाही, रेडिओ कॉलर नाही. एक नेमका प्रश्न आणि उन्हात उभी राहायची तयारी असलेली मुले, इतक्यावर काम झाले.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाला हे उदाहरण पाठ असायला हवे. कारण त्याच्याकडे जे नाही त्याची यादी मोठी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष शिकवायचे आणि एकूण चाळीस तास कामासाठी उपलब्ध राहायचे. त्यात प्रॅक्टिकल, जर्नल तपासणे, परीक्षेचे सुपरव्हिजन आणि मूल्यांकनासाठी ‘नॅक’ची समिती येणार असली की फायलींचे ढिगारे. जो तासिका तत्त्वावर आहे त्याची गत आणखी वेगळी. त्याला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. खाडीकाठी बसून घेतलेल्या नोंदींचे नाही.

प्राण्यांचे वेळापत्रक मात्र कॉलेजच्या घंटेवर चालत नाही. ठाण्याचे बांदोडकर विज्ञान महाविद्यालय चेंदणी बंदर रोडवर, खाडीला लागूनच आहे. कोणत्याही जीवशास्त्रज्ञाने हेवा करावा अशी ही जागा. पण खाडीतला चिखल उघडा पडतो तो ओहोटीला, आणि भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. म्हणजे चतुर्थीच्या सकाळी नऊच्या सुमारास चिखल मोकळा आणि एकादशीला तो दुपारी सव्वादोनला. ‘दर मंगळवारी अकरा ते एक, बॅच बी’ असे छापील वेळापत्रक असेल तर महिन्यातले निम्मे मंगळवार विद्यार्थी पाणीच पाहत बसणार.

तरीही याच महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातून ठाणे खाडीचा वर्षानुवर्षांचा अभ्यास उभा राहिला. डॉ. आर. पी. आठल्ये यांचे नाव त्यात पुन्हा पुन्हा भेटते. चिखलातल्या एका वळ्या-किड्याच्या शरीरात साठलेल्या जड धातूंवरचा त्यांचा आणि सहलेखक गोखले यांचा निबंध १९९१ मध्ये ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. हे काम वर्तनाचे नव्हे, प्रदूषणाचे आहे. पण वर्तन अभ्यासायचे तर आधी कोण कुठे राहतो, काय खातो आणि कशाने मरतो, हे ठाऊक लागते. ती पायाभरणी इथे झालेली आहे.

त्या पायावर पुढे काय उभे करता येईल? निवट्या घ्या. कोळणीच्या टोपलीत वळवळणारी ही मासळी ठाणेकरांना कालवणापुरती ठाऊक असते. प्रत्यक्षात हा पाण्याबाहेर संसार करणारा मासा. तो चिखलात बीळ करतो, कल्ल्यांत पाणी धरून आणि ओल्या कातडीतून श्वास घेतो, आणि डोके डावी-उजवीकडे फिरवत चिखलावरचे शेवाळ खरवडून खातो. नर पाठीवरचा पर उभारून उड्या मारतात. कुवेतच्या किनाऱ्यावर याच कुळातल्या निवट्या आपापल्या जागेभोवती चिखलाच्या भिंती घालतात. त्या का घालतात, यावर तिथल्या डेव्हिड क्लेटन या अभ्यासकाने १९८७ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला. ठाणे खाडीतल्या निवट्यांच्या शेजारधर्मावर असाच प्रश्न घेऊन कुणी बसले, तर त्याला विमानाचे तिकीट काढावे लागणार नाही.

बसायचे कसे, याचेही शास्त्र आहे. नुसते पाहत राहिले की डोळा भांडणाकडे धावतो. मारामारी वहीत उतरते आणि तासभर स्वस्थ बसलेला प्राणी निसटतो. अमेरिकेतल्या जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये या खोडीवर बोट ठेवले आणि निरीक्षणाच्या पद्धतींची शिस्त घालून दिली. एकच प्राणी निवडून ठरलेला वेळ त्याच्यावरच नजर ठेवायची, किंवा ठरावीक मिनिटांनी सगळ्या कळपावर एकदा नजर फिरवून कोण काय करतो ते टिपायचे. दोन विद्यार्थ्यांनी एकाच वेळी, एकमेकांच्या वहीत न डोकावता नोंदी करायच्या आणि मग ताडून पाहायच्या. नोंदी जुळल्या नाहीत तर दोष निवटीचा नाही, ‘आक्रमक हालचाल’ म्हणजे नेमके काय हे आधी न ठरवल्याचा आहे. वर्गात फळ्यावर शिकवून हे कळत नाही. चिखलाकाठी पहिल्या दिवशीच कळते.

लोकांना अर्थात बिबट्यात जास्त रस. २० फेब्रुवारी २०१९ ला ठाण्यातल्या कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला, नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेच्या चिंचपाड्यात एका इमारतीत. अशा दिवशी प्राध्यापकाचा फोन थांबत नाही. पण बिबट्याचा अभ्यास ही वेगळी लढाई आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी. त्याला पकडून कॉलर लावायची तर परवानग्यांची मोठी साखळी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात निकित सुर्वे यांनी स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या आधारे २०१५ मध्ये ३५ बिबटे मोजले, २०१८ च्या मोजणीत ४७ आढळले. २०२१ मध्ये तिथल्या बिबट्यांना कॉलर लावायला सुरुवात झाली. त्याआधी, २००९ मध्ये, विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातला ‘आजोबा’ हा बिबट्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडला गेला आणि सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या उंबरठ्यावर पोहोचला. या कामांमागे संस्था, वन विभाग आणि निधी होता. सोळा तास शिकवणाऱ्याने एकट्याने त्या वाटेला जाऊ नये, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते.

खाडीलाही नियम आहेतच. ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही. तिथे संशोधनाला परवानगी लागते. कांदळवनात शिरण्याआधीही वन विभागाच्या कांदळवन कक्षाला विचारावे. चेंदणी मात्र ऐरोली पुलाच्या वर, अभयारण्याच्या हद्दीबाहेर येते. डोंबिवलीच्या रेतीबंदरावरून किंवा कल्याणच्या दुर्गाडीजवळून उल्हासचा काठ दुर्बिणीने पाहायला एक ओळखपत्र आणि एक टोपी पुरते.

सालिम अली १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड-लेक्चरर म्हणून लागले. जर्मनीत शिकून परतले तो पद रद्द झालेले. मग अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी घरापुढच्या सुगरणीच्या वसाहतीवर नजर ठेवली. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पसंत करते, मग तो ते पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी दुसरे विणायला घेतो, हा उलगडा त्या निरीक्षणातून झाला. नोकरी गेली म्हणून संशोधन झाले, हा किस्सा रंगवून सांगण्यासारखा आहे खरा. पण तो धोरण म्हणून कुणी वापरू नये. तासिकेवरच्या तरुणांना आज नेमके तेच भोगावे लागते, फरक इतकाच की किहीमचे घर प्रत्येकाकडे नसते.

प्राध्यापकाचे मोल छापून आलेल्या लेखांच्या संख्येवर ठरू लागले की वर्तनाच्या अभ्यासाचा बळी सर्वांत आधी जातो. निवट्यांच्या विणीचा हंगाम वर्षातून एकदा येतो. दोन हंगामांची तुलना म्हणजे दोन वर्षे. तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या बाटल्यांमधल्या अळ्या मोजून तीन लेख होतात. पीएच.डी.चा विद्यार्थीही मग बाटल्यांकडे वळतो, त्याला दोष देता येत नाही.

एवढ्यातूनही एक गोष्ट प्राचार्यांच्या हातात आहे, आणि तिला मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. प्राणिशास्त्राच्या एका बॅचचे प्रॅक्टिकल सत्रभर एकाच वाराला न बांधता तिथी पाहून लावावे. तृतीय वर्षाच्या मुलांनी भरलेल्या वह्या निकालानंतर रद्दीत न देता विभागाच्या कपाटात तारीखवार ठेवाव्यात आणि पुढच्या बॅचने त्याच जागी, त्याच पद्धतीने पुढची पाने भरावीत. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून पाच वर्षे हे केले, तर उल्हास नदी आणि ठाणे खाडीकाठच्या प्राण्यांच्या दिनक्रमाची सलग नोंद हाती येईल. येत्या जूनच्या वेळापत्रकाची बैठक होईल तेव्हा टेबलावर एक पंचांगही ठेवा.