सोन्याच्या खड्ड्यांतली शोधाशोध

मेलबर्नपासून साधारण दीडशे किलोमीटरवर बेंडिगो नावाचं शहर आहे. 1851 मध्ये या भागात सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं, त्यात हजारो चिनी, कुदळी-फावडी घेऊन इथल्या रानात उतरली. त्यांनी जमीन इतकी उकरली की जागोजागी वरची माती म्हणून उरली नाही. गर्दी ओसरली, मागे राहिले खड्डे, खड्ड्यांशेजारचे ढिगारे, पावसाने कोरलेल्या ओघळी आणि या सगळ्यावर पुन्हा उगवलेलं युकॅलिप्टसचं कोरडं, विरळ जंगल. शेतीच्या कामाची नाही अशी ही जमीन एका खेळाला मात्र इतकी मानवली, की 1985 मध्ये त्याची जागतिक स्पर्धा थेट बेंडिगोत भरली.

खेळाचं नाव ओरिएंटिअरिंग. मूळ स्वीडन-नॉर्वेकडचं, आधी लष्करी सराव म्हणून आणि मग खेळ म्हणून रुळलेलं. ऑस्ट्रेलियात तो 1969 च्या सुमारास व्हिक्टोरिया राज्यात रुजला. एका हातात नकाशा, अंगठ्यावर छोटं होकायंत्र. रानात ठरावीक जागी नारिंगी-पांढरी, फूटभर उंचीची कापडी निशाणं टांगलेली असतात. त्यांना म्हणतात कंट्रोल. ते दिलेल्या क्रमाने गाठायचे, बोटातली चिप तिथल्या डबीत घालून हजेरी लावायची आणि सुटायचं. दोन कंट्रोलच्या मधली वाट ज्याची त्याने ठरवायची.

नकाशा हाताळला की आपल्यासारख्या ट्रेकवाल्याची पहिली गल्लत रंगावर होते. आपल्या डोक्यात हिरवं म्हणजे जंगल. इथे जंगल पांढरं असतं, म्हणजे मोकळेपणी पळता येईल असं. हिरवं म्हणजे झाडोरा, जितकं गडद तितकं घुसणं अवघड. मोकळं माळरान पिवळं. खड्डा म्हणजे इंग्रजी 'व्ही'सारखी तपकिरी खूण, आणि ढिगारा म्हणजे तपकिरी टिंब. बेंडिगो-कॅसलमेनकडच्या काही नकाशांवर ही टिंबं आणि 'व्ही' इतके दाटलेले असतात, की कागदावर तीळ सांडलेत असं वाटावं.

समजा, चौथा कंट्रोल एका खड्ड्यात आहे. त्या टेकाडावर तसे चाळीस खड्डे आहेत. नवखा माणूस धावत सुटतो आणि खड्ड्यांत डोकावू लागतो. एक खड्डा दिसतो, नकाशातही खड्डा आहे, मन लगेच जुळवून घेतं. ओघळ उजवीकडे हवी होती, आहे डावीकडे? असेल बुवा, नकाशावाल्याचं चुकलं असेल. नकाशावाल्याचं सहसा चुकलेलं नसतं, तो तिथे कित्येक दिवस पायी हिंडलेला असतो. तेवढ्यात झाडाआड निशाण दिसतं, जीव भांड्यात पडतो, आणि जवळ गेल्यावर निशाणाचा आकडा भलताच. ते दुसऱ्या गटाच्या मार्गावरचं असतं. हे आकडे 31 पासून सुरू करतात, म्हणजे 'पाचवा कंट्रोल' आणि 'पाच नंबरचं निशाण' असा घोळ होत नाही. बाकीचे घोळ होतातच.

मुरलेला खेळाडू खड्डा शोधतच नाही. तो आधी जवळची मोठी, चुकू न शकणारी खूण पकडतो. ओघळींचा संगम, तळ्याचा बांध, किंवा पाट. खाणकऱ्यांना माती धुवायला पाणी लागे, ते त्यांनी लांबून पाट खणून आणलं. पाटाला उतार अगदी नावापुरता, त्यामुळे तो टेकडीच्या अंगाने जवळजवळ एकाच उंचीवरून वळत जातो. आता त्यात पाणी नाही, पण धावणाऱ्याला तो जिन्याच्या कठड्यासारखा उपयोगी पडतो. पाट सोडायचा कुठे हे आधी ठरवायचं, तिथून होकायंत्राची दिशा धरायची, पावलं मोजत साठ-सत्तर मीटर जायचं. पायांत ताकद असणारे पुष्कळ असतात. नकाशा वाचता येईल एवढ्याच वेगाने पळायचं, हा संयम फार थोड्यांकडे असतो. म्हणून साठीचे गृहस्थ कधीकधी पंचविशीतल्या पोराच्या आधी परततात आणि उगाच साळसूद चेहरा करतात.

तिथल्या क्लबच्या रविवारच्या बुश, म्हणजे रानातल्या, स्पर्धेमागे बरीच राबणूक असते. कुणी मार्ग आखतं, कुणी आदल्या दिवशी निशाणं लावतं, कुणी संगणकापाशी बसतं. मार्ग आखणाऱ्याला त्या दिवशी अर्थातच स्पर्धेत उतरता येत नाही, म्हणून क्लबमध्ये पाळ्या लागतात. उन्हाळ्यात वणव्यांचा आणि सापांचा धोका, त्यामुळे तेव्हा खेळ मेलबर्नच्या बागांत, रस्त्यांवर येतो. रानाचा मोसम साधारण शरद ते वसंत. ईस्टर तिथे शरदात येतो आणि तेव्हाच तीन दिवसांची मोठी राष्ट्रीय स्पर्धा असते. तिथे ठरलेल्या मिनिटाला एकेकाला सोडतात आणि नकाशा सुटतानाच हाती पडतो. दहा वर्षांच्या मुलांपासून ऐंशी पार केलेल्यांपर्यंत वयोगट असतात. एकाच गाडीतून आलेले आजोबा, आई आणि नात एकाच रानात, वेगवेगळ्या मार्गांवर असतात. वरच्या पातळीवर राज्यांच्या संघांची राष्ट्रीय लीग चालते. त्यात व्हिक्टोरियाच्या संघाचं नाव आहे नगेट्स, म्हणजे सोन्याचे गोळे. टास्मानियाची हॅनी ऑलस्टन 2006 मध्ये डेन्मार्कला स्प्रिंटमध्ये जगज्जेती झाली. युरोपबाहेरच्या कुणाला तोवर हे जमलं नव्हतं.

निकाल लागले तरी कुणी लगेच निघत नाही. गाड्या लावलेल्या मोकळ्या जागेत घामेजलेली माणसं हातात नकाशे धरून उभी असतात, पिंढऱ्यांवर ओरखडे, एका हातात संत्र्याची फोड. पहिला आलेला आणि तासाभराने उगवलेला, दोघंही एकाच नकाशावर बोट ठेवून असतात. "चौथ्याला तू पाटाच्या वरून गेलास, की खालून?"