पान्हा आणि पंख्याची घरघर

उत्तर युरोपातील, विशेषतः डेन्मार्क आणि नेदरलँड्समधील बंदिस्त वराहगृहांत दोन प्रकारचे आवाज एकत्र नांदतात : एक यंत्रांचा, ज्यात हवा खेळती ठेवणाऱ्या पंख्यांची अखंड घरघर मुख्य असते, आणि दुसरा खुद्द जनावरांचा. दुसऱ्याचा कळस खुराकाच्या वेळी होतो. जेथे खुराक अजून हाताने घातला जातो तेथे गाडी पहिल्या कप्प्याशी पोहोचताच शेवटच्या कप्प्यापर्यंतच्या माद्या उठून उभ्या राहतात, ज्यांची पाळी लांब आहे त्या लोखंडी गज चावू लागतात, आणि काँक्रीटच्या भिंतींवरून परतणाऱ्या किंकाळ्यांची पातळी १०० डेसिबलच्या पुढे जाते. डेसिबल हे ध्वनीच्या तीव्रतेचे लॉगरिदमिक माप आहे, म्हणजे दर १० डेसिबलच्या वाढीला ध्वनीची ऊर्जा दसपट होते. तेव्हा कामगारांनी कानांवर संरक्षक टोप्या चढवल्याशिवाय आत जाऊ नये, हा नियम अतिकाळजीपोटी केलेला नाही. प्रत्येक गव्हाणीवर मापाचा डबा टांगून सगळ्यांचा खुराक एकाच क्षणी खाली सोडला, की हा गलका झपाट्याने ओसरतो, कारण तो भुकेचा असतो तितकाच वाट पाहण्याचाही असतो.

गलका कानठळ्या बसवणारा असला तरी थोडा वेळ चालतो. पंख्याची घरघर मात्र रात्रंदिवस चालू असते, आणि तिचा खरा परिणाम व्यालेल्या मादीच्या कप्प्यात दिसतो. गाईच्या कासेत दूध साठवणारी पोकळी असते, तशी डुकराच्या मादीत जवळजवळ नसते. त्यामुळे पिलाला वाटेल तेव्हा दूध मिळत नाही, साधारण तासाभराने मादी पान्हा सोडते तेव्हाच ते मिळते आणि हा पान्हा जेमतेम १० ते २० सेकंद टिकतो. ही वेळ साधण्याचे साधन म्हणजे आवाज. मादी कुशीवर आडवी होऊन संथ लयीत हुंकार देऊ लागते, पिले गोळा होऊन आपापल्या ठरलेल्या सडापाशी जागा धरतात आणि नाकाने कासेला ढुशा देत राहतात; मग हुंकारांची लय एकाएकी जलद होते, जी मादीच्या रक्तात ऑक्सिटोसिन हे पान्हा आणणारे संप्रेरक स्रवत असल्याची खूण असते, आणि त्यानंतर काही सेकंदांतच दूध उतरते. त्या क्षणी ढुशा थांबतात, पिले निश्चल होऊन भराभर ओढू लागतात. बो अल्गेर्स आणि पेर येन्सेन या स्वीडिश संशोधकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पंख्याच्या अखंड आवाजात हा संवाद विस्कळीत होत असल्याचे दाखवले : पिलांचा हुंकारांना मिळणारा प्रतिसाद मंदावला आणि त्यांना दूधही कमी मिळाले. एका आवाजाने दुसरा झाकला जाणे, यालाच ध्वनिशास्त्रात आच्छादन म्हणतात. येथे कोणाचा कान बधिर होत नाही, कोणी भेदरत नाही. फक्त निरोप पोहोचत नाही, आणि पोटाची वेळ चुकते.

युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार डुकरे ठेवलेल्या जागेत ८५ डेसिबल इतका सततचा आवाज टाळला पाहिजे, तसेच अखंड किंवा अचानक होणारे आवाजही टाळले पाहिजेत. यांपैकी आकडा सर्वांच्या लक्षात राहतो आणि दुसरा भाग, जो अधिक महत्त्वाचा आहे, मागे पडतो. स्वीडनच्या नियमांत यांत्रिक आवाजासाठी ६५ डेसिबलची मर्यादा आहे. २० डेसिबलचा हा फरक ऊर्जेच्या हिशेबात शंभरपट ठरतो, आणि हुंकाराच्या दृष्टीने पाहता स्वीडनचाच आकडा अधिक शहाणपणाचा वाटतो.

शिवाय हे डेसिबल ‘ए’ भारित असतात, म्हणजे मापकातील गाळणी माणसाच्या कानाला जे जितके ऐकू येते तितकेच त्याला वजन देते. रिकी आणि हेन्री हेफ्नर यांच्या १९९० च्या मोजणीनुसार डुकराची श्रवणकक्षा सुमारे ४२ हर्ट्झपासून ४०.५ किलोहर्ट्झपर्यंत पसरलेली आहे, तर माणसाची २० किलोहर्ट्झच्या आसपासच संपते. संपीडित हवेच्या नळीतील बारीक गळती श्राव्यातीत, म्हणजे माणसाला न ऐकू येणाऱ्या उंच कंप्रतेचा फुत्कारही निर्माण करते. तो मापकाच्या आकड्यात जवळजवळ उमटत नाही, पण डुकराला त्याचा बराचसा भाग ऐकू येऊ शकतो. मापक कोठे धरावा, हेही निर्देशात सांगितलेले नाही. मधल्या वाटेवर, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर केलेली नोंद आणि भिंतीतील पंख्याखालच्या कप्प्यात, आडव्या पडलेल्या मादीच्या कासेपाशी, पिलाच्या कानाच्या उंचीवर केलेली नोंद सारखीच येईल असे मानण्याला काही आधार नाही. तपासणी मात्र बहुधा वाटेवर उभे राहूनच उरकली जाते.