रील हलतंय की सीट?

समुद्रावर रॉडने मासे धरणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते: रील घट्ट बसत नाही. पाच-दहा वेळा ल्युअर फेकला की नट पुन्हा आवळावा लागतो आणि एखादी दमदार तांबोशी खडकाकडे धावली की नेमकं तेव्हाच रील हातात वळतं. यावर जेट्टीवर जे सल्ले मिळतात, त्यांतल्या काहींनी चांगला रॉड कायमचा वाया जातो.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला म्हणजे पक्कड घेऊन नट आणखी आवळायचा. बऱ्याच रील सीट, म्हणजे रॉडवर रील जिथे बसतं त्या बैठकी, कार्बनचे तंतू मिसळलेल्या नायलॉनच्या असतात. हाताने आवळल्यावर जेवढी पकड मिळते तेवढीच पकड द्यायला त्या घडवलेल्या असतात. पक्कड लावली की हूडला, म्हणजे रीलचा पाय अडकतो त्या टोपणाला, बारीक चीर जाते, आटे झिजतात आणि ढिलेपणा वाढतो. मुळात दोष आवळण्यात आहे, हेच गृहीत धरणं चूक आहे.

दोष कुठे आहे ते आधी बघा. रॉड आणि सीट जिथे मिळतात तिथे दोन्हींवरून जाणारी पेन्सिलची एक सरळ रेघ ओढा. मग एका हाताने रॉड धरून दुसऱ्या हाताने रील जोर लावून पिरगळा. रेघ तुटली, म्हणजे अख्खी सीट रॉडवर फिरते आहे आणि आतला गोंद सुटला आहे. रेघ जागेवर राहून फक्त रील डुगडुगलं, तर रीलचा पाय आणि हूड यांचं जमत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

कोणतंही रील कोणत्याही सीटमध्ये बसतं, असं अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात पायाची लांबी आणि जाडी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलते. पाय हूडच्या खोबणीपेक्षा पातळ असला की मासा ओढताना ड्रॅगचा ताण रील पुढे खेचतो, पाय खोबणीत उचकटतो आणि दर हिसक्यासरशी नट किंचित सुटत जातो. म्हणून सीट बदलण्याआधी मित्राचं रील लावून बघा. नट फिरवताना करकरत असेल, तर आट्यांत मीठ आणि वाळू आहे. कोमट पाणी आणि जुना टूथब्रश एवढ्यावरही पुष्कळदा काम भागतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा पायाखाली घालणं त्या दिवसापुरतं ठीक. रबर दबत राहतं, त्यामुळे पकड पुन्हा जाते.

सीटच फिरत असेल तर ती काढावी लागते, आणि इथे सर्वात घातक समज आडवा येतो: गरम केली की गोंद सुटतो. सुटतो, हे खरं. पण रॉडचा दांडा, म्हणजे ब्लँक, हादेखील कार्बन किंवा काचेचे तंतू रेझिनने बांधूनच केलेला असतो. गॅसच्या ज्योतीवर धरलेला ब्लँक बाहेरून धड दिसतो आणि पुढच्या जोरदार फेकीला मोडतो. सीट कापून काढणंच सुरक्षित. हॅकसॉच्या पात्याने किंवा छोट्या रोटरी टूलने लांबीच्या दिशेने खाच पाडायची, आरपार जायच्या थोडं आधी थांबायचं आणि खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून पिळायचं. सीट उकलते. तोंडावर मास्क हवाच, कारण ही धूळ फुप्फुसांत जाऊ नये. आत बहुतेक वेळा कागदी टेपची वेटोळी सापडतात. खारं पाणी पिऊन ती भिजून लगदा झालेली असतात, आणि पकड तिथेच गेलेली असते.

नवी सीट घेताना रीलचा आकडा सांगून चालत नाही. सीटवरचे १८, २०, २२ हे आकडे साधारणपणे आतल्या भोकाचा मिलिमीटरमधला व्यास सांगतात. रीलच्या ४००० किंवा ५००० शी त्यांचा संबंध नाही. ब्लँकचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि स्वतःचं रील दुकानात नेऊन त्या सीटमध्ये बसवून बघा. सीट सरकवायची वाटही आधीच ठरवा. मागून घालायची तर मागची मूठ आणि टोपी काढावी लागते, आणि ब्लँकचा सगळ्यात जाड भाग भोकातून जायला हवा. पुढून घालायची तर बुंध्याच्या तुकड्यावरचं गाइड सोडून पुन्हा बांधावं लागतं. दोन्ही नको असेल, तर दोऱ्याने बांधून वरून एपॉक्सी द्यायची पट्टीची सीट हा उत्तम मार्ग आहे. लांब सर्फ रॉडवर मी तीच पसंत करेन.

ठोकून घट्ट बसेल ती सीट चांगली, हा समजही सोडावा. सीट आणि ब्लँकमध्ये गोंदाला जागा लागते, पण ती पोकळी नुसत्या गोंदाने भरू नये. ग्रॅफाइटचं किंवा कठीण फोमचं बुशिंग घाला. ते मिळत नसेल, तर भिंतीच्या भेगांवर लावतात ती फायबरची जाळीदार पट्टी एपॉक्सीत भिजवून गुंडाळा. आधी ब्लँकची नुसती चकाकी पॉलिशपेपरने घालवा आणि स्पिरिटने पुसा. तंतू दिसेपर्यंत घासू नका.

झटपट चिकटणारा गोंद इथे कामाचा नाही. सुपरग्लू ठिसूळ असतो, हिसक्याने तडकतो आणि पोकळी भरत नाही. पाच मिनिटांचं एपॉक्सी सीट सरळ करायला वेळ देत नाही आणि पाण्यात कमी टिकतं. दोन ट्यूबांचं सावकाश सुकणारं एपॉक्सी घ्या आणि ट्यूबवर सांगितलेल्या प्रमाणातच मिसळा. हार्डनर जास्त घातल्याने ते अधिक कडक होत नाही, अर्धकच्चं राहतं. गोंद ओला असतानाच रील लावून मागून एका डोळ्याने गाइडच्या रांगेत बघा, सीट तिरकी असेल तर वळवा, बाहेर आलेला गोंद स्पिरिटने पुसा आणि रील काढून ठेवा. मग किमान एक पूर्ण दिवस रॉडला हात लावू नका.

राहता राहिला धातूचा मोह. बोटीवरून मोठ्या माशांसाठी ॲल्युमिनियमची सीट योग्यच आहे. पण कार्बनच्या ब्लँकला टेकलेलं ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात लवकर गंजतं, म्हणून दोन्हींमध्ये एपॉक्सीचा अखंड थर लागतो. किनाऱ्यावरून फेकायच्या रॉडला नायलॉन-कार्बनची सीट हलकी पडते आणि पुरेशी मजबूत असते. फक्त घरी आल्यावर रील काढून ती गोड्या पाण्याने धुवा, आणि नट ढिला ठेवूनच सुकू द्या.