दोनशे रुपयांचं पुस्तक, दहा रुपयांचा घोळ!

मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नचा टब घेताना आपण किंमत बघतसुद्धा नाही. पण 160 पानांच्या कवितासंग्रहावर 200 रुपये दिसले, की 'जरा जास्तच आहे ना?' हा डायलॉग तयार!

त्या 200 रुपयांचं होतं तरी काय, हे समजून घ्यायला मी नगरमधल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं!) एका प्रेसमध्ये दुपारभर बसले. छापील मजकुराशी या गावाचं नातं जुनं. 'ज्ञानोदय' 1842 मध्ये इथूनच सुरू झालं. आजही जिल्ह्यातले हौशी लेखक पदरमोड करून पुस्तक काढतात. प्रकाशकाची वाट बघत बसायचं नाही, सिंपल फंडा! आयएसबीएन तर फुकटच मिळतो.

फुकट मिळत नाही तो कागद. पुस्तकावर जीएसटी शून्य, ऐकायला भारी. पण 22 सप्टेंबर 2025 पासून छपाईच्या कागदावरचा कर 12 वरून 18 टक्क्यांवर गेला. शाळेच्या वह्यांच्या कागदाला सूट मिळाली, कवितेच्या कागदाला नाही. त्यात पुस्तकावर करच नसल्यामुळे कागदावर भरलेला कर वळता करून घ्यायची सोय नाही. तो शेवटी लेखकाच्याच बोकांडी बसतो.

आता गणित बघा. समजा, 500 प्रती काढल्या, एक प्रत 90 रुपयांना पडली. खर्च 45 हजार. दुकानदाराचं कमिशन 40 टक्के धरलं, तर 200 मधले 120 लेखकाला. 100 प्रती 'सप्रेम भेट' गेल्या आणि उरलेल्या 400 विकल्या (हे स्वप्नच!) तर आले 48 हजार. कमाई 3 हजार. आता प्रत 10 रुपयांनी महागली. खर्च 50 हजार, हातात तेच 48 हजार. म्हणजे 2 हजारांचा खड्डा!

मग किंमत वाढवा की! पण कमिशन किमतीवर कापलं जातं. त्यामुळे 10 रुपये भरून काढायला छापील किंमत जवळपास 17 रुपयांनी वाढवावी लागते. 200 चं पुस्तक 220 झालं, की घेणारा हात तिथेच थबकतो.

जास्त प्रती छापल्या तर? ऑफसेटमध्ये प्लेटचा खर्च 100 प्रतींना तेवढाच आणि 1000 ला तेवढाच, त्यामुळे दर उतरतो. पण न खपलेले गठ्ठे पलंगाखाली जातात. डिजिटल प्रेसवर लागतील तेवढ्याच 50 प्रती काढता येतात, पण तिथे एक प्रत महाग पडते.

त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे थेट विक्री. तेच पुस्तक लेखकाने 150 ला दिलं, तरी दुकानातल्यापेक्षा 30 रुपये जास्त सुटतात आणि तुमचेही 50 वाचतात.

तेव्हा ऑफिसातल्या कुणाचं पुस्तक आलं, तर 'पार्टी कधी?' जरूर विचारा. फक्त 'एक कॉपी दे ना यार' म्हणू नका. आधी पैसे पाठवा, मग सही मागा!