पेशीतलं फिरतं यंत्र

जिना चढणं असो की पापणी मिटणं, त्यासाठी लागणारी ऊर्जा पेशीला थेट मिळते ती एटीपी या रेणूकडून. त्याला तीन फॉस्फेट गट जोडलेले असतात. पाण्याशी क्रिया होऊन शेवटचा गट सुटला की ऊर्जा मोकळी होते आणि एडीपी उरतो. स्नायूंमधलं मायोसिन हे प्रथिन याच ऊर्जेवर ॲक्टिनचे धागे ओढतं.

शरीरात एका वेळी एटीपी असतो जेमतेम मूठभर, पण दिवसभरात साधारण आपल्या वजनाइतका खर्च होतो! म्हणजे एडीपीला सतत पुन्हा फॉस्फेट जोडावा लागतो.

मायटोकाँड्रियामध्ये हे काम एटीपी सिंथेस करतं. अन्नातल्या ऊर्जेवर प्रोटॉन पडद्यापलीकडे साठवले जातात. धरणातल्या पाण्यासारखे ते परत येताना या प्रथिनाचा दांडा फिरवतात. एका फेरीत तीन एटीपी तयार!

१९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी या दांड्याला चमकणारा धागा जोडला. एटीपी घालताच यंत्र उलटं चालून तो गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसला. त्याच वर्षी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना एटीपी निर्मितीची यंत्रणा उलगडल्याबद्दल रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

एटीपी सिंथेसचं एखादं ॲनिमेशन जरूर शोधून बघा. मुलांनाही दाखवा!