बंद शाळेतली लोखंडी पेटी

समूह शाळांचा वाद आता वाचकांना पाठ झाला असेल. 2023 च्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव मागवले, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं पुढे केली, आणि वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला : शाळा 14,783, मुलं 1,85,467. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुलं येतात. एवढ्यासाठी दोन-दोन मास्तर कशाला, असं शहरातला माणूस सहज विचारतो. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असायला हवी, हे त्याला सांगितलं की तो गाडीची सोय करू म्हणतो. डोंगरातल्या वाडीवर आषाढात ती गाडी कशी चढणार, ते तो सांगत नाही.

पण आज मला त्या भांडणात उतरायचं नाही. मला विचारायचं आहे ते पेटीबद्दल.

कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या एका वाडीतली शाळा पटाअभावी बंद झाली आणि तिचं दप्तर शेजारच्या गावच्या शाळेत आलं. दप्तर म्हणजे एक पत्र्याची पेटी. ती मी पाहिली तेव्हा पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांना टेकून ठेवलेली होती. तांदूळ असला की उंदीर आलेच. आत सहा-सात जाडजूड रजिस्टरं, कापडी पाठीची, सर्वांत जुन्याची पानं कडेने तंबाखूच्या रंगाची झालेली. काही पानं बाळबोध, काही मोडी. सरकारी भाषेत याचं नाव ‘प्रवेश निर्गम नोंदवही’, शिक्षकांच्या बोलण्यात नुसतं ‘जनरल रजिस्टर’.

या वहीला गेल्या दोन-तीन वर्षांत सोन्याचं मोल आलं. मराठा आरक्षणाच्या मागणीवर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती 2023 मध्ये नेमली गेली आणि जुन्या कागदांत ओबीसीत मोडणारा ‘कुणबी’ हा शब्द शोधण्याची मोहीम गावोगाव सुरू झाली. मग 2 सप्टेंबर 2025 चा हैदराबाद गॅझेटचा जीआर आला. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. ओबीसीच्या जात पडताळणीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, आणि ज्या घरात जमिनीचाही धड कागद नाही त्या घराचा असा पुरावा पुष्कळदा एकच असतो : आजोबा कधीतरी दोन इयत्ता शाळेत गेले होते, तिथली एक ओळ. ज्या वाडीतली माणसं पोरं घेऊन पुण्या-मुंबईला गेली म्हणून पट घसरला, त्यांचीच नातवंडं आज चिठ्ठीवर पणजोबांचं नाव लिहून या पेटीपाशी येतात.

मला मात्र जातीच्या रकान्यापेक्षा बाकीचे रकाने जास्त बोलके वाटतात. जन्मतारखेचा घ्या. एकाखाली एक, एकाच पानावर सात मुलं 1 जूनला जन्मलेली. शाळा जूनमध्ये भरायची, आई सांगायची ‘भाताच्या लावणीत झाला’, मास्तर अंदाजाने वर्ष धरायचे आणि पुढे 1 जून ठोकून द्यायचे. ग्रामीण महाराष्ट्रातली निम्मी पिढी 31 मेला निवृत्त होते ती या लेखणीमुळे. माझ्या वडिलांचाही वाढदिवस 1 जूनलाच. खरा कुठला, ते आजी बरोबर घेऊन गेली.

मग ‘शाळा सोडल्याचे कारण’. ‘गुरे राखणेस’, ‘सतत गैरहजर’, ‘मुंबईस गेला’, मुलींपुढे ‘लग्न’. कुठेकुठे एकच शब्द : ‘मयत’. गावाचा इतका नेमका इतिहास तलाठ्याच्या दप्तरातही सापडणार नाही. तिथे जमीन कोणाची ते कळतं, इथे पोर कुठे गेलं ते कळतं.

कोल्हापूरकडे या वह्यांना आणखी एक अर्थ आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक 1912 मध्ये कलकत्त्याला 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. बडोद्यात सयाजीरावांनी त्याआधीच, 1906 मध्ये, राज्यभर सक्ती आणली होती. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानासाठी तसा हुकूम काढला आणि 4 मार्च 1918 ला पहिली शाळा चिखलीत सुरू झाली. हीच आपली प्रयाग चिखली, नद्यांच्या संगमावरची, 2019 च्या महापुरात पाण्याने वेढलेली. मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. तेव्हाच्या मजुराला तो जड होता. आणि वर्ष कोणतं, तर 1918. मार्चात शाळा उघडली, पावसाळा सरता सरता मानमोडीचा, म्हणजे इन्फ्लुएंझाचा, ताप आला. हजेरी घ्यायला पोरं कुठली आणि दंड वसूल करायला बाप कुठला. तरी योजना टिकली, हे मला त्या हुकमाहून मोठं वाटतं.

हुकूम निघाला तरी इमारती लगेच उभ्या राहत नाहीत. खेड्यातली शाळा आधी चावडीत, धर्मशाळेत, देवळाच्या ओवरीत भरायची. देवळात भरली की काही पोरं पायरीखाली. शाहूंनी 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत घेण्याचा आदेश दिला, तो या ओवरीवरच्या अंतराला उत्तर म्हणून. जातीचा रकाना आज ज्या उत्साहाने उघडला जातो, तेव्हा तो रकाना बघून बसायची जागा ठरायची, हेही त्याच वहीत आहे. फक्त त्याचा उतारा कोणी मागत नाही.

नंतर गावाने वर्गणी काढली, दगड वाहिले, सुताराने वासे फुकट बसवले. वाडीतली ती बंद शाळा अशीच श्रमदानाची. वर मंगलोरी कौलं, दारावर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ ही पाटी. 1937 च्या वर्ध्याच्या परिषदेतून आलेल्या बुनियादी शिक्षणाची ही खूण. सूतकताईच्या टकळ्या गेल्या, पाटी राहिली. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि गावाने बांधलेली ही वास्तू सरकारी खात्यावर गेली. आता ती मतदानाच्या दिवशी तेवढी उघडते.

इमारतीचं काय करायचं यावर बैठका होतात : वाचनालय, बचत गट, गोदाम. पेटीचं काय, हा प्रश्न मी ऐकलेल्या एकाही बैठकीत निघाला नाही. नदीकाठच्या गावात पुराच्या पाण्याने अशा वह्यांचा लगदा व्हायला एक रात्र पुरते. कुणबी नोंदींसाठी यंत्रणा हलली, पानं स्कॅन झाली, हे चांगलंच. पण हवा असलेला शब्द ज्या पानावर आहे तेवढंच पान स्कॅन झालं असेल, तर उरलेल्या पानांचं भवितव्य उंदरांच्या हाती. माझं मत विचाराल तर शाळा विलीन करताना वही आधी अखंड स्कॅन व्हावी आणि प्रत मूळ गावच्या ग्रामपंचायतीत राहावी. दाखल्यासाठी वाडीच्या माणसाने परगावच्या मास्तरांपुढे का उभं राहावं?

मी गेलो त्या दिवशी एक तरुण आला होता. पणजोबांची नोंद मिळाली. त्याने मोबाइलवर जातीच्या रकान्याचा फोटो काढला, मग बोट शेवटच्या रकान्यावर नेलं आणि मोडीतला शब्द काय म्हणून विचारलं. गुरुजींना मोडी येत नव्हती, मलाही नाही. गुरुजींनी अर्ज लिहून घेतला, उताऱ्यासाठी बुधवारी या म्हणाले, आणि पेटी पोत्यांपासून दूर सरकवायला त्यालाच दुसरी कडी धरायला सांगितली.