अडलेल्यांची बैठक

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांचे एक मंडळ मी बेळगावात काही वर्षे चालवले. या स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेसाठी त्याविषयी लिहावे, असे शाळेने सुचवले तेव्हा प्रथम संकोच वाटला. आमचे मंडळ म्हणजे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका वर्गखोलीत जमणारी वीस-पंचवीस माणसे. त्याचे कौतुक ते काय सांगावे? परंतु विचार करता जाणवले, की ज्याचे अडले आहे त्याला ते चारचौघांत निःसंकोच सांगता यावे, अशी जागा कशी निर्माण करावी, हा प्रश्न जितका शाळेचा आहे तितकाच आमचाही होता.

संगणक वापरणाऱ्यांनी एकत्र येण्याची प्रथा बरीच जुनी आहे. १९५५ साली अमेरिकेत लॉस एंजलिसच्या परिसरातील ज्या संस्था आयबीएमचे ७०४ हे यंत्र घेणार होत्या, त्यांनी ‘शेअर’ नावाची संघटना स्थापन केली. एकच आज्ञावली प्रत्येकाने पुन्हा नव्याने लिहीत बसू नये, हा त्यामागील साधा हेतू. तो मोठ्या संस्थांचा व्यवहार होता. सामान्य हौशी माणसांचे मंडळ पाहावयाचे तर १९७५ सालापर्यंत यावे लागते. त्या वर्षीच्या ५ मार्चला कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या घरच्या गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली सभा भरली. ‘अल्टेअर ८८००’ हा घरी जुळवावयाचा संगणक नुकताच बाजारात आला होता, आणि तो घेणाऱ्या बहुतेकांना पुढे काय करावे हे ठाऊक नव्हते. मंडळ जमले ते या न कळण्यातून.

पुढे सभा मोठ्या सभागृहात भरू लागल्या आणि त्यांचे संचालन ली फेल्सेनस्टाइन यांच्याकडे आले. त्यांनी सभेचे दोन भाग पाडले. पहिल्या भागात ज्याला सांगावयाचे असेल त्याने उठून आपल्यापाशी काय आहे आणि आपल्याला काय हवे आहे, एवढेच थोडक्यात सांगावयाचे. दुसऱ्या भागात सभा मोकळी सोडायची. ज्याला ज्याची गरज, त्याने त्याला गाठावे. स्टीव्ह वॉझनियाक या मंडळात पहिल्या सभेपासून येत. आपण इतके बुजरे होतो, की सभेत बोलण्यासाठी हातही वर करत नसू, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. सभा संपल्यावर ते आपले यंत्र मांडून बसत आणि लोक भोवती गोळा होत. तेच यंत्र १९७६ साली ‘ॲपल १’ म्हणून विक्रीस आले. सभेत बुजऱ्या माणसालाही वाट ठेवलेली असली, तर काय घडू शकते, याचा हा दाखला होय.

हे सारे मी वाचले होते, तरी प्रारंभी चूक केलीच. आमच्या पहिल्या तीन बैठका मी व्याख्यानांनी भरून टाकल्या. बाहेरगावचे जाणकार आणले, प्रास्ताविक झाले, आभारप्रदर्शन झाले. शेवटी “काही शंका?” असे विचारले, की खोलीत शांतता पसरे आणि ती शांतता मी समाधान म्हणून मोजत असे. पहिल्या बैठकीला चाळीस जण होते, तिसरीला अकरा.

चौथ्या बैठकीला, २००४ साली, वक्ता ऐनवेळी आला नाही. नाइलाजाने मी प्रत्येकाला विचारले, “सध्या आपले कुठे अडले आहे?” मागच्या बाकावर एका पतसंस्थेत काम करणारा तरुण बसला होता. तिन्ही बैठकांना येऊन त्याने एक अक्षरही उच्चारले नव्हते. तो म्हणाला, “सर, माझी सभासदांची यादी अकारविल्हे लागतच नाही. वसंत एकीकडे आणि विठ्ठल भलतीकडे. गिरीश, विठ्ठल, शिवाजी मात्र एकत्र येतात. माझंच काहीतरी चुकतंय.”

त्याचे काहीही चुकत नव्हते. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जुन्या मराठी फॉन्टांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत. डोळ्यांना मराठी दिसे, संगणकाला मात्र रोमन चिन्हांची माळ दिसे. शिवाय ऱ्हस्व वेलांटी ज्या क्रमाने दिसते त्याच क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी, साठवली जाई. साहजिकच पहिले अक्षर ऱ्हस्व वेलांटीचे असलेली सगळी नावे एका गटात जात. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतंत्र १२८ स्थाने आहेत, आणि व्यंजन आधी, वेलांटी नंतर, असा उच्चाराचा क्रम पाळला जातो; त्यामुळे यादी बहुतांशी नीट लागते.

हे फळ्यावर मांडत असताना एका कन्नड छापखान्यात काम करणारे गृहस्थ उठले. “आमच्याकडेही हेच रडगाणे आहे,” असे म्हणून त्यांनी कन्नड फॉन्टांची तऱ्हा सांगितली. एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी त्या दोघांबरोबर बसला आणि जुन्या फॉन्टातील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक छोटी आज्ञावली दोन महिन्यांत तयार झाली. आमच्या गावात भाषेवरून किती कटुता साचली आहे, हे वाचकांना सांगावयास नको. त्या दिवशी खोलीत दोन भाषा बोलणारी माणसे एकाच अडचणीपुढे बसली होती.

त्यानंतर मंडळाचे काही नियम ठरले. बैठकीचा दिवस बदलायचा नाही. तीन जण आले तरी बैठक व्हायचीच, कारण कुलूप पाहून परतलेला माणूस सहसा पुन्हा येत नाही. आरंभ अडचणींच्या फेरीने. व्याख्यान असेल तर त्यानंतर, आणि वीस मिनिटांचे. प्रश्न ज्या भाषेत सुचला त्या भाषेत विचारावा; शेजाऱ्याने उलगडून सांगावा. ज्याला येते त्याने कळफलकाला हात लावू नये; तोंडाने सांगावे, हात अडलेल्याचाच चालावा. हा शेवटचा नियम पाळणे जाणकारांना सर्वांत जड गेले, आणि त्यांत मी पहिला होतो.

आणखी एक नियम मी उशिरा शिकलो. वर्गखोलीची किल्ली, निरोपांची यादी आणि संचालन ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे असू नयेत. माझ्याकडे ती सारी होती. मी आजारी पडलो आणि चार महिने मंडळ बंद राहिले. पुन्हा सुरू केले तेव्हा कामे तिघांत वाटली आणि दर वर्षी त्यांतील एक जण बदलावा, असे ठरवले. माझी पाळी संपल्यावर मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. होमब्रू मंडळही १९८६ साली विसर्जित झाले, पण तिथे माणसांनी एकमेकांना जे दिले ते त्याआधीच दूरवर पोहोचले होते.

आज कोणी विचारील, की उत्तर यंत्रालाच विचारता येत असताना अशा बैठकीची गरज काय? उत्तर मिळते, हे खरेच. परंतु तो तरुण आला होता तो “माझंच काहीतरी चुकतंय” अशी खात्री मनात घेऊन. ती खात्री उत्तराने गेली नाही. “आमच्याकडेही हेच” असे म्हणणारा माणूस समोर उभा राहिला, तेव्हा गेली. शाळेच्या वर्गाला आणि आमच्या बैठकीला जोडणारा धागा मला एवढाच दिसतो. या शाळेत दर शनिवारी दुपारी एखादी खोली रिकामी असते, असे ऐकतो. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाला ती उघडावीशी वाटली, तर मागचा बाक मी आनंदाने धरीन.